थिनरचे, केमिकलचे पत्र्याचे डबे भंगारात द्यायच्या आधी

ड्रम रिकामा दिसला म्हणजे तो रिकामा झाला असं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. कटर लावायचा असेल तर थिनरच्या भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम जास्त डेंजर, कारण तळाला राहिलेल्या थोड्याशा थिनरची वाफ आतल्या हवेत मिसळून बसलेली असते आणि एक ठिणगी पडली की सगळं एका झटक्यात पेटतं. धारावीत, कुर्ल्याला, साकीनाक्याला ड्रम कापणारी पोरं बघितली असतील, कित्येकांच्या हातात ग्लोव्हजसुद्धा नसतात, म्हणून आपल्या घरातून किंवा गाळ्यातून जाणारा डबा नीट करूनच द्यायचा.

पाणी टाकायच्या आधी लेबल वाचा, हे खूप महत्त्वाचं. वेल्डिंगवाल्यांकडचा कार्बाइडचा डबा असेल तर त्याला पाणी अजिबात लावू नका, उरलेल्या भुकटीतून असिटिलीन गॅस निघतो. सल्फ्युरिक ॲसिडचंपण तसंच, घट्ट ॲसिड लोखंडाच्या ड्रममध्ये शांत बसतं पण थोडंसं पाणी मिसळलं की तेच पत्रा खायला लागतं आणि हायड्रोजन तयार होतो. हे दोन्ही घरी धुवायच्या भानगडीत पडूच नका, ज्याच्याकडून आणलं त्यालाच परत घ्यायला लावा.

झुरळ-ढेकणाच्या औषधाचा किंवा पाण्यात विरघळणाऱ्या क्लीनरचा डबा मात्र तीनदा विसळायचा. आधी उलटा धरून थेंब थांबेपर्यंत निथळू द्या, मग पाव डबा पाणी, झाकण घट्ट, अर्धा मिनिट जोरात हलवा, ओता, असं तीन वेळा. औषधाचं विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच टाका म्हणजे वायापण जात नाही. पावसाळी गटारात कधीच नाही, ते पाणी साफबिफ होत नाही, नाल्यातून सरळ मिठी नदीत आणि समुद्रात जातं.

थिनर आणि ऑइल पेंटला पाण्याचा उपयोग नाही. उरलेलं थिनर एक-दोन दिवस स्थिर ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं गाळून पुन्हा ब्रश धुवायला वापरा. डब्यातला उरलेला रंग कोरड्या वाळूत कालवून, झाकण उघडं ठेवून गच्चीवर सुकवा, गॅस-देवघरापासून लांब आणि पोरांचा हात पोचणार नाही असा, पावसाळ्यात चार दिवस जास्त लागतील. स्प्रेचा कॅन असेल तर भोक पाडू नका, आत प्रेशर असतं.

विसळून झालेल्या औषधाच्या डब्याला तळाला खिळ्याने दोन-तीन भोकं पाडा, आपल्याकडे चाळीत पाणी भरायला कोणी काय उचलेल सांगता येत नाही आणि तीनदा धुतलेला डबासुद्धा प्यायच्या पाण्याला चालत नाही. थिनरच्या डब्याला मात्र खिळा-हातोडा लावू नका, ठिणगी पडू शकते.

गाळ्यातले २०० लिटरचे ड्रम असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे केमिकल लागलेले रिकामे ड्रम घातक कचऱ्यात येतात, ते एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी असलेल्या ड्रम धुणाऱ्याकडेच द्यायचे. घरातले रंगाचे, औषधाचे डबेपण ओल्या-सुक्यात न टाकता वेगळ्या पिशवीत द्या, लेबल फाडू नका, आणि लेबल गेलंच असेल तर मार्करने डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, ‘यात थिनर होतं’.