कॅमशाफ्ट तुटलाय? नवा मागवण्याआधी ही तयारी करा

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. तो का तुटला हे हाती लागल्याशिवाय नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल. म्हणून आधी एक पथ्य पाळा: इंजिन फिरतंय का हे बघायला किक किंवा सेल्फ अजिबात मारू नका. सुटा तुकडा आत असेल, तर हेडही (इंजिनचा वरचा भाग, ज्यात कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह बसतात) जाईल.

विजेरी, भिंग, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मायक्रोमीटर, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आणि त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा. ऑइल स्वच्छ भांड्यात काढा, म्हणजे धातूचा चुरा दिसेल. ऑइलची जाळी आणि फिल्टर टाकून देऊ नका. जास्तीच्या गॅसकेट सीलंटचे तुकडे तिथेच सापडतात. हेड शेवटचं कधी आणि कशासाठी उघडलं होतं, हे गाडीमालकाला नक्की विचारा.

झाकण उघडलं की आधी फोटो. टायमिंगच्या खुणा (कॅमशाफ्ट आणि पिस्टनची चाल जुळलीय का हे दाखवणाऱ्या), कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनचा ढिलेपणा, ती ताणून धरणारा टेन्शनर किती बाहेर आलाय, हे सगळं टेन्शनर काढण्याआधीच टिपायचं. शाफ्ट हेडवर दाबून धरणाऱ्या प्रत्येक कॅपवर तिची जागा आणि दिशा लिहा. कॅप हेडसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

तुटलेली तोंडं जुळवून पाहण्याचा मोह होतो. कृपा करून जुळवू नका, घासून खुणा जातात. वायरब्रशही नको. भिंगाखाली शिंपल्यावर असतात तशा वळ्या एका बिंदूपासून पसरलेल्या दिसल्या, तर चीर हळूहळू वाढत गेली आहे. बिडाच्या शाफ्टवर मात्र या वळ्या पुसट असतात. सगळं तोंड सारखंच दाणेदार असेल, तर तो बहुधा एका झटक्यात तुटला.

जर्नल (शाफ्टचे कॅपखाली फिरणारे गुळगुळीत भाग) निळसर पडले असतील किंवा त्यांना अॅल्युमिनियम चिकटलं असेल, तर ऑइल पोचलं नाही. पंप आणि ऑइलचे मार्ग तपासा. जर्नल चकचकीत असतील आणि हेडचं काम नुकतंच झालं असेल, तर माझा पहिला संशय कॅपच्या बोल्टवर. व्हॉल्व्ह दाबलेले असताना एकाच बाजूचे बोल्ट आवळले की शाफ्ट वाकतो.

वाकलेले व्हॉल्व्ह बघून लगेच टायमिंगला दोष देऊ नका. शाफ्ट तुटल्यावर चेनपासून दूरचा भाग थांबतो आणि तिथले उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तो परिणाम झाला, कारण नव्हे. चेनच्या बाजूचे व्हॉल्व्हही आपटले असतील, तर मात्र चेनने दात सोडला (चाकावरून एखादा दात घसरून टायमिंग बिघडलं) असण्याची शक्यता मोठी.