कपाट उभंच राहिना: इंटिरिअर डिझाइन शिकताय? या चुका टाळा

मी दरवर्षी कॉलेजात ज्युरीला, म्हणजे मुलांची डिझाइन्स तपासायला जाते आणि दरवर्षी ठरवून जाते, यंदा चिडायचं नाही. मग तिसऱ्या-चौथ्या शीटवर जमिनीपासून छतापर्यंत सलग, एकाच पल्ल्याचं, म्हणजे एकाच अखंड दाराचं कपाट दिसतं. मी विचारते, "प्लायचा तक्ता केवढा येतो?" समोर शांतता. आठ बाय चार फूट, बाळांनो. आठ बाय चार. त्यातून छताएवढा अखंड पल्ला निघत नाही. तीन वर्षं शिकून एवढं माहीत नसेल तर रेंडरमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर रंगवलेल्या चित्रातल्या, त्या सुंदर उन्हाच्या तिरिपीचं मी काय करू?

चिडते खरी, पण ही चूक मीही केलेली आहे. पदवीनंतरचं पहिलंच स्वतंत्र काम, कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. छत 9 फूट 4 इंचांवर. मी 9 फूट 3 इंच उंच आणि 2 फूट खोल कपाट कागदावर काढलं. मिस्त्रीने सुरुवातीलाच विचारलं, "मॅडम, लॉफ्ट अलग नहीं करना?" मी ऐटीत म्हटलं, नको, सलग रेषा पाहिजे. आठ फुटांवर बाजूच्या फळीला जोड द्यावा लागेल, हेही त्याने सांगितलं. मी म्हटलं, द्या.

त्याने कपाटाचा खोका जमिनीवर आडवा जोडला, कारण तो तसाच जोडतात. चौथ्या दिवशी चार माणसांनी तो उचलायला घेतला आणि वरची कड छताला टेकून अडकली. खोका उभा करताना त्याची उंची नाही, कर्ण छताखालून जावा लागतो, आणि तो कर्ण भरत होता 9 फूट साडेपाच इंचांच्या वर. छत दीड इंच कमी पडलं. पायथागोरस मला नववीपासून पाठ होता! शेवटी खोका सात फुटांवर कापला, वरचा भाग लॉफ्ट झाला, सांध्यावर पट्टी मारली. दोन दिवसांची मजुरी माझ्या खिशातून गेली. घरातल्या आजींना ती पट्टी म्हणजे खास डिझाइन वाटली आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

तेव्हापासून माझी सवय: सात फुटांचं कपाट आणि वर वेगळा लॉफ्ट. कुणी कितीही सलग रेषा मागो. अगदीच हवी असेल तर खोका जागेवर उभाच बांधायचा, आणि त्याचे जादा दिवस आधी बोलून घ्यायचे.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे एकच माप घेणं. भिंतीपासून भिंतीपर्यंत खाली टेप लावला, आकडा लिहिला, निघाले चहाला. प्लास्टर कधीच सरळ नसतं. मी खाली, कंबरेला आणि डोक्याच्या वर अशी तीन मापं घेते आणि सगळ्यात लहान धरते. खोलीचे दोन्ही कर्णही मोजते. ते जुळले नाहीत तर खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. लेझरचं यंत्र झकास आहे, पण विद्यार्थ्याने पहिली दोन वर्षं टेपच वापरावा असं माझं मत आहे. घाई करणाऱ्यांना ते पटत नाही, आणि तेच नंतर 'सुतार चुकला' म्हणत येतात. तुम्ही मिलिमीटरमध्ये काढता, सुतार सुतात वाचतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. हे भाषांतर तुम्हाला आलं पाहिजे, त्याला नव्हे.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

सिंकखाली एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय लिहू नका. तो दमटपणा सोसतो, पाणी नाही. तिथे आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय लिहा.

सोफ्याचं डिझाइन काढण्याआधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा.

भिंत 'उडवायची' असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग सोसायटीची परवानगी, मग हातोडा. जुन्या इमारतींत जी भिंत नुसती आड वाटते तिच्यावरच वरचा मजला बसलेला असतो.

कार्डावर 'इंटिरिअर आर्किटेक्ट' छापू नका. 1972च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्याने आर्किटेक्ट हे बिरुद लावायचं नाही. ते हवंच असेल तर पाच वर्षांचं बीआर्क, म्हणजे आर्किटेक्चरची पदवी करा. चार वर्षांचं बीडेस, म्हणजे डिझाइनची पदवी, हा वेगळा रस्ता आहे, कमी दर्जाचा नव्हे. सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर कोर्स मात्र रस्ताच नव्हे, तो टायपिंगचा क्लास आहे.

आता नोकरीचं. पदवी हातात पडली की लगेच स्वतःची फर्म, हे खूळ दरवर्षी निम्म्या वर्गाला असतं. मॉड्युलर किचनचे कारखाने, प्रदर्शनांचे स्टॉल, दुकानांची मांडणी, मालिकांचे सेट, प्रकाशयोजना, साइट सुपरव्हिजन ही सगळी याच शिक्षणातून निघणारी कामं आहेत, पण त्यांची नावं पालकांना सांगताना मुलं लाजतात. माझ्याबरोबरच्या वर्गात सगळ्यात रटाळ मानली गेलेली मुलगी बीओक्यू, म्हणजे मालाची मोजदाद काढायची: किती तक्ते, किती लॅमिनेट, किती बिजागऱ्या, सगळं वहीत. तिचं काम कधी थांबलं नाही. माझं मात्र पहिल्या दोन वर्षांत दोनदा थांबलं.

इंटर्नशिप मागायला आलात तर पोर्टफोलिओत दहा रेंडरांऐवजी एक नीट सेक्शन, म्हणजे आतली बांधणी दाखवणारा छेद आणा. आणि साइटवर येताना चपला नको, बूट घाला. खिळे कुणाची वाट बघत नाहीत.