मुलांचा गट चालवणारे दादा घडवताना: प्रशिक्षकाची तयारी

सात ते दहा वर्षांच्या मुलग्यांचा गट चालवायला जी मोठी माणसं स्वतःहून पुढे येतात, त्यांच्याकडे उत्साह भरपूर असतो, वेळ मात्र मोजका. म्हणून प्रशिक्षणाचा दिवस उजाडण्याआधी आपली बाजू पक्की हवी.

पहिलं काम निवडीचं. प्रत्येकाकडून अर्ज भरून घ्या, ओळखपत्र बघा, त्याला नीट ओळखणाऱ्या दोघांशी स्वतः बोला आणि पोलीस पडताळणीचं उत्तर येईपर्यंत त्याला मुलांमध्ये सोडू नका. जुना मित्र असला तरी सवलत नाही. कारण सांगितलं की भल्या माणसाला याचा राग येत नाही.

मग सुरक्षेचे नियम एका पानावर, साध्या भाषेत लिहून काढा. कोणताही दादा एका मुलासोबत एकटा राहणार नाही, नेहमी दोन मोठी माणसं हजर असतील. मुलाला खासगी मेसेज नाही. कपडे बदलायची जागा वेगळी. हे नियम नुसते वाचून दाखवून भागत नाही, प्रसंग उभे करून सराव घ्यावा लागतो. सगळ्यांत जास्त वेळ ठेवा तो एका प्रसंगासाठी: मूल जवळ येऊन म्हणतं, "दादा, कुणाला सांगू नका हं." इथे हमखास चूक होते, कारण आपण मायेपोटी वचन देऊन बसतो. वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं. त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर त्याच पानावर आधीच छापून ठेवा.

कार्यक्रम आखताना व्याख्यानं कमी ठेवा. स्काउट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं स्काउट शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला तिच्यातलाच एक नायक दिला. 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला स्काउट गट चालवणाऱ्या मोठ्यांचं प्रशिक्षण सुरू झालं तेही तुकड्या करूनच. तुम्हीही शिकाऊ दादांच्या सहा-सहा जणांच्या तुकड्या करा. त्यांना रीफ नॉट, म्हणजे दोरीची दोन टोकं जोडणारी साधी गाठ, बांधू द्या, खेळात हरू द्या, रांगेत ताटकळू द्या. वाट बघताना मूल का चुळबुळतं, हे स्वतः ताटकळल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी माणशी दोनेक मीटर दोरी, शिट्टी, खडू, चेंडू आदल्या दिवशीच मोजून ठेवा. तासाभराच्या सभेचा आराखडाही त्यांच्याकडूनच लिहून घ्या: एक उपक्रम दहा-पंधरा मिनिटांचा, आणि जास्तीचे दोन खेळ हाताशी.

प्रथमोपचार जाणकाराकडून शिकवून घ्या. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नाही, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. मुलांच्या अ‍ॅलर्जी, दमा, औषधं आणि पालकांचे नंबर यांची यादी कागदावरही हवी, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी संपते. निघताना, पोहोचल्यावर, परतताना डोकी मोजायची सवय इथूनच लावा.

एक सत्र बोलण्याच्या पद्धतीसाठी राखून ठेवाच. "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं, त्यामुळे ते नकळत तोंडून निघतं. त्याऐवजी काय म्हणायचं हे प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. चिडलेल्या मुलाला चारचौघांत झापायचं नाही. थोडं बाजूला, पण सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी घेऊन बोलायचं. हे दोन-तीनदा करून पाहिल्याशिवाय जमत नाही.

आणि दादा घरी जाण्याआधी प्रत्येकाची जोडी एखाद्या अनुभवी दादाशी लावून द्या, पहिल्या दोन सभा नुसत्या बघायच्या, तिसरीत एकच खेळ घ्यायचा. त्या तिन्ही तारखा तिथेच वहीत लिहून घ्या.