बेदाण्याच्या शेडमध्ये सात दिवस: आत जाण्याआधीची तयारी

पोरांनो, तासगावजवळचं शेड आपल्याला मिळालंय. बेदाण्याचा हंगाम उरकला, आता ते रिकामंच आहे. सहा जणांनी सात दिवस मंगळावर आहोत असं धरून राहायचंय. अमेरिकेत ह्यूस्टनला नासाच्या प्रयोगात चौघांनी २०२३ च्या जूनपासून असेच ३७८ दिवस काढले, १,७०० चौरस फुटांच्या घरात.

शेडला बाजूंनी नुसती जाळी असते, म्हणून आधी ताडपत्री लावा, पार जमिनीपर्यंत, खाली विटा ठेवून. कोपरे बॅटरी मारून बघा, विंचू असतो. रॅकच्या जाळीत अडकलेले जुने मणी एकेक वेचून काढा. चिकटून पार कडक झालेले असतात, नखानंच निघतात. राहिले तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागलीच म्हणून समजा.

वायरिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय कुणीही आत झोपायचं नाही. २०१८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर अशाच मंगळाच्या प्रयोगात एकाला विजेचा धक्का बसला आणि आठ महिन्यांची मोहीम चार दिवसांत थांबली. खरी अडचण आली की प्रयोग तिथंच संपला. त्यासाठी एक फोन चार्ज करून दाराशी ठेवा. बाकी निरोप वहीत वेळ टाकून लिहायचे आणि १२ मिनिटांनी पाठवायचे. मंगळापर्यंत निरोप जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यातला हा मधला आकडा. उत्तर येईपर्यंत आपलं आपणच ठरवायचं, याची सवय लागायला हवी.

पाणी माणशी रोज १२ लिटर, म्हणजे एकूण ५०४. टाकी भरून नळ बंद करायचा. जेवणाची मला काळजी नाही, आपल्या घरातलं वाळवण याच कामाचं आहे. सांडगे, कुरडया, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बेदाणे आणा. भडंग घरून करून आणा, पण हवाबंद डब्यात, नाहीतर सादळतं. मेथी ट्रेमध्ये पेरायची, रोज उंची मोजायची आणि सातव्या दिवशी कापून वजन करायचं.

खरं काम नोंदीचं आहे. उठल्यावर चहाच्या आधी झोपेचे तास आणि प्रतिक्रियेच्या वेगाची चाचणी. कार्बन डायऑक्साइडचा मीटर दर दोन तासांनी वाचा. बाहेर तो ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. आत १,००० च्या वर गेला की ताडपत्रीची वरची पट्टी उघडा आणि वेळ लिहा. भांडण झालं तर तेही लिहा, कशावरून झालं त्यासकट. भांडी कुणी घासायची यावरून माणसं किती लवकर चिडतात, हे कळावं म्हणूनच आत जातोय. तेव्हा पाळ्या आधीच कागदावर मांडून भिंतीला लावा. नोंद राहिली तर नंतर आठवून भरू नका, रकाना रिकामा सोडा.

गेल्या वेळच्या तीन दिवसांच्या तालमीत दुसऱ्या दुपारी मालकांच्या आई गरम भाकरी आणि भरली वांगी घेऊन दाराशी आल्या. आपण दार उघडलं, जेवलो, आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी बाद झाल्या. त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून यावेळी आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी त्यांच्याकडे जायचं, दार का उघडणार नाही ते नीट समजावून सांगायचं आणि आठव्या दिवशी दुपारी जेवायला येतो म्हणून कळवायचं.