सगळ्यांचं आवरल्यावर माझं बघू म्हणताय? या चुका टाळा

सांगलीत पावसानं जोर धरला की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं? ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. चाळिशी जवळ आली की आपण धान्य माळ्यावर टाकतो, जनावरं हलवतो, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवतो. पंचेचाळिसाची वाट कुणी बघत नाही. मनाच्या बाबतीत मात्र पाणी गळ्याशी येईपर्यंत आपण गप्प राहतो. मीही राहिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा तळमजला बुडाला. गाळ काढणं, भिंती धुणं, पंचनामा, सासूबाईंची औषधं, लेकीची वह्या-पुस्तकं, सगळं निभावलं. रडायलाही वेळ नव्हता आणि त्याचाच अभिमान वाटायचा. पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री मी तीनदा उठून उंबऱ्यापाशी फरशी चाचपून बघितली. फरशी कोरडी होती. बाहेर नुसत्या पागोळ्या गळत होत्या. माझी छाती मात्र धडधडत होती आणि तळहात घामानं ओले झाले होते.

रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपवणं

दोन महिने मी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. मग ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. "काही नाही झालेलं" हे ऐकून घरचे सुटले, मी मात्र खचले. म्हणजे हा त्रास मी मनानंच काढलाय की काय? तसं नसतं. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, ठोके जलद पडतात, पोट बिघडतं, हातापायाला मुंग्या येतात. ईसीजी चांगला म्हणजे त्रास खोटा, असं होत नाही. उलटही खरं आहे. थायरॉईड बिघडलं, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी झालं तरी माणूस गळून जातो, उदास होतो. छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासायचं. तपासण्या कराच, पण सगळं नॉर्मल येऊनही त्रास राहिला तर मनाच्या डॉक्टरांकडे जा.

दर दहा मिनिटांनी पातळी बघणं

आकडा बघितला की घटकाभर बरं वाटतं, मग भीती परत येते आणि हात पुन्हा फोनकडे जातो. त्यात ग्रुपवर कोयनेच्या दरवाजांचे जुने व्हिडिओ फिरत असतात. मी नियम केला: प्रशासनाचा आकडा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्री फोन स्वयंपाकघरात. पातळी खरंच इशाऱ्याकडे निघाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा सूचनांकडे लक्ष हवंच.

विसावा दिवाळीवर ढकलणं

"सुट्टीत महाबळेश्वरला जाऊ, मग बरं वाटेल." दोन दिवस वाटतंही. पण रोज सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्यानं, उरलंसुरलं खाणारी बाई तिथून परत येऊन पुन्हा ओट्याशीच उभी राहते. मी सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायला लागले. पहिले काही दिवस सासूबाई बघत राहिल्या, मग त्याच म्हणाल्या, "बस गं, पोळी मी वाढते." याला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी वीस मिनिटं चालायला आणि रोज ठरल्या वेळी उठायलाही लागत नाहीत.

गोळ्या आपल्या मनानं बंद करणं

उदासीवरच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ती सोडू नका. बरं वाटलं म्हणूनही सोडू नका. एकदम बंद केली तर चक्कर येते, चिडचिड होते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. झोपेच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर आणत राहिलं तर त्यांची सवय लागते. दारूनं डोळा लागतो, पण रात्री झोप मोडते.

लपवून जाणं

मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे जाताना शेजारी मी "डोळे दाखवायला" असं सांगायचे. प्रत्येक खेपेला त्या खोट्याचंच ओझं व्हायचं. गावभर सांगा असं नाही, पण घरात एकाला तरी खरं सांगा. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. आणि तो घरातला एकजण तुम्ही असाल, तर "विचार करू नकोस" एवढं म्हणू नका. "दवाखान्यात बरोबर येऊ का?" विचारा.

दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर थांबू नका. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि शेतातलं तणनाशक, कीटकनाशक कुलपात ठेवा. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतून बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "झोप लागत नाही" एवढंच सांगा, पुढचं ते विचारतात.