छपाईला जाणारी फाइल : डीटीपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

डीटीपीच्या क्लासमध्ये पान देखणं कसं करायचं ते शिकवतात. प्रेसमध्ये पहिला प्रश्न वेगळाच येतो, हे पान किती प्लेटांत सुटतं? ऑफसेट मशीनला तुमची स्क्रीन दिसत नाही. तिथे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा चढतात आणि त्या एकमेकींवर नेमक्या बसवणं मशीनमनच्या हाती असतं. म्हणून कामाला आलेल्या पोरांना मी आधी सीटीपीजवळ, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्राजवळ, उभं करतो. सॉफ्टवेअर नंतर.

सगळ्यात जास्त घोळ काळ्या मजकुराचा. वर्डमधून थेट पीडीएफ काढली की अक्षरांचा काळा आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात) येतो आणि सीएमवायके (छपाईचे वरचे चार रंग) करताना चारही रंगांत वाटला जातो. स्क्रीनवर काही कळत नाही. आपली शिरोरेषा मात्र ओळभर आडवी जाते, त्यामुळे रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांचं एकमेकींवर बसणं, केसभर हललं तरी तिच्याखाली लाल-निळी कड डोकावते. बारीक टाइपात अनुस्वार भरून जातात. मग मशीनमन विचारतो, ‘काहून भाऊ, काळं चारात काहून टाकलं?’ तपासायला ॲक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा आणि काळ्यासमोरची खूण काढा. मजकूर साफ गायब झाला तर बरोबर. मागे तपकिरी सावली उरली तर फाइल प्लेटला पाठवू नका. मुखपृष्ठावरच्या मोठ्या काळ्या पट्ट्याचं उलट आहे. नुसता काळा तिथे फिका वाटतो, त्यात 40 टक्के सायन घातला की भरतो. पण चारही रंग शंभर-शंभर ओतले तर शाई वाळत नाही आणि मागच्या कागदाला डाग लागतो.

फॉन्टचं दुखणं खास आपलं. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. इनडिझाइनमध्ये युनिकोड वापरत असाल तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. कोरलड्रॉवाले अक्षरं सरसकट कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून, देतात. त्याने फॉन्टची कटकट मिटते खरी, पण शेवटच्या क्षणी सापडलेला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता येत नाही. कर्व्ह न केलेली प्रत जपून ठेवा.

ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला भाग, चारही बाजूंनी 3 मिमी. फोटो छापायच्या आकारात 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके). व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मूळ धरू नका, तोच डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा.

पुस्तक असेल तर पानं फर्म्यात, म्हणजे एका कागदावर छापून घडी घालायच्या पानांच्या गटात, मोजा. 16 पानी फर्म्याने 96 पानांचे सहा फर्मे नीट होतात. 100 पानं केलीत की उरलेल्या चार पानांसाठी वेगळी छपाई आणि वेगळी घडी येते. लेखकाला हे लवकर सांगितलं तर तो कुठेतरी दोन परिच्छेद आवरतो. कण्याची जाडी अंदाजाने टाकू नका. त्याच कागदाची कोरी डमी बाइंडरकडून बांधून घ्या आणि मोजा. मॅपलिथो कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) बदलला की कणाही बदलतो.

हे सगळं स्वतः तपासायचं, कारण दसऱ्याच्या आधी प्रेसवाल्याला सवड नसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यांच्या पुस्तिका आणि दिवाळी अंक एकाच वेळी मशीनवर येतात. त्या गर्दीत तुमची फाइल कोणी उघडून सुधारत बसणार नाही. आली तशी प्लेट निघते.

पीडीएफ काढताना पीडीएफ/एक्स-1ए हा प्रीसेट (तयार सेटिंग) घ्या. त्यात आरजीबी चालत नाही, फॉन्ट आत बसतात आणि ट्रान्स्परन्सी (पारदर्शक थर) सपाट होते. नवी यंत्रणा असेल तर प्रेसवाला एक्स-4 मागेल, तो म्हणेल ते द्या. सोबत एका ओळीत लिहा : कटिंगनंतरचा आकार, पानं, कागद, आत किती रंग, बाइंडिंग कोणतं. आणि फाइल पोचली की फोन करून पान क्रमांक 1 उजवीकडेच येतंय ना, तेवढं विचारा.