शाळेतला मैत्रीगट बंद का पडतो? शिक्षकांनो, या चुका टाळा

वर्गमित्रांचं मन मोकळं ऐकून घेण्यासाठी जूनमध्ये हौसेने सुरू झालेला विद्यार्थ्यांचा मैत्रीगट दिवाळीनंतर थंडावतो आणि खापर मुलांवर फुटतं. खरं तर मुलं चांगली ऐकतात. कमी पडते ती त्यांच्यामागची मोठ्यांची व्यवस्था. मुलांनी ऐकलेलं किती तासांत कोणत्या मोठ्या माणसापर्यंत पोचतं, यावर हा उपक्रम तरतो किंवा बुडतो.

गट निवडताना

वर्गशिक्षक मॉनिटर आणि पहिल्या पाचातली मुलं निवडतात. मग बाकीच्या वर्गाला तो ‘बाईंचा गट’ वाटतो आणि कोणी फिरकत नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलाला कोरा कागद द्या आणि एकच प्रश्न विचारा: ‘मन मोकळं करावंसं वाटलं, तर वर्गातल्या कोणत्या दोघांकडे जाशील?’ त्यात हमखास मागच्या बाकावरची नावं निघतात. प्रत्येक तुकडीतून एक मुलगा आणि एक मुलगी घ्या, पालकांची लेखी संमती घ्या. जबाबदारी आठवी-नववीकडे ठेवा. दुसऱ्या सत्रात दहावीवाल्यांवर हे काम टाकू नका.

मुलांना समुपदेशक बनवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. दोन तासांच्या प्रशिक्षणानंतर चौदा वर्षांची मुलगी मैत्रिणीला सल्ला देऊ लागते आणि सल्ला चुकला की स्वतःला दोष देत बसते. मुलांचं काम तीनच गोष्टींचं: ऐकणं, सोबत राहणं, मोठ्यांपर्यंत पोचवणं. प्रशिक्षणातला निम्मा वेळ तिसऱ्या गोष्टीच्या सरावाला द्या, कारण मुलं अडखळतात ती तिथेच.

‘कोणाला सांगणार नाही, शप्पथ’ हे वाक्य मुलांच्या तोंडात आपसूक येतं. त्याच्या जागी दुसरं वाक्य बसवा: ‘तू सांगितलेलं मी वर्गात कोणाला बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी ते माझ्याकडेच ठेवणार नाही, आपण दोघी बाईंकडे जाऊ.’ जोड्या करून हे दहा वेळा मोठ्याने म्हणून घ्या. पहिल्यांदा मुलं हसतात, सातव्या-आठव्या वेळी वाक्य त्यांचं होतं.

गुप्ततेची मर्यादा शिक्षकांनाही आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसं घडेल अशी भीती वाटली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा वेगळा गुन्हा ठरतो. ‘आधी शाळेत चौकशी करू’ म्हणून दिवस घालवू नका आणि मुलाला तीच हकिगत चार जणांसमोर सांगायला लावू नका.

पेटी रिकामी राहते

मनातलं लिहून टाकायची चिठ्ठ्यांची पेटी बऱ्याचदा कार्यालयाबाहेर, सीसीटीव्हीच्या खाली टांगलेली असते. तिथे थांबून चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसतं. पेटी पाणपोईच्या वळणावर किंवा वाचनालयात हलवा. तरीही रिकामी राहिली, तर शुक्रवारच्या शेवटच्या तासाला सगळ्या वर्गाला छापील अर्धं पान वाटा. त्यावर तीन चौकोन: ‘ठीक आहे’, ‘कोणाशी तरी बोलायचंय’, ‘मित्राची काळजी वाटते’. खाली नावासाठी ओळ, लिहिलंच पाहिजे असं नाही. सगळ्यांनी घडी घालून टाकायचं, कोरंसुद्धा. सगळेच टाकतात म्हटल्यावर कोणाकडे नजर जात नाही आणि खूण केली की अक्षरावरून ओळखलं जाण्याची धास्तीही राहत नाही. ही पानं शाळा सुटण्याआधीच पाहा, सोमवारवर ठेवू नका.

किल्ली गटातल्या मुलांकडे देऊ नका. नेमलेल्या दोन शिक्षकांनी, शक्यतो एक बाई आणि एक सर, रोज पेटी उघडावी. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे असतात. ते नेमले असतील तर हे काम त्यांच्याकडेच द्या, नवी समिती नको.

धोक्याची खूण दिसल्यावर

‘मी नसलो तर सगळ्यांची सुटका होईल’ असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, हातावर कापल्याच्या खुणा. यातलं काहीही कळलं, तर काम त्याच दिवशीचं आहे. शिक्षक विचारायला घाबरतात, कारण विचारल्याने डोक्यात विचार भरेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. बाजूला बसवून शांतपणे विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर त्या क्षणापासून पालक येईपर्यंत मुलाला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत जायचं. त्याच्यासमोर १४४१६ लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पुढची भेट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा समुपदेशकाकडे त्याच दिवशी ठरवा.

पालकांना फोनवर सगळं सांगू नका. ‘तब्येतीची काळजी वाटते, लगेच या’ एवढं पुरे. आणि त्रास घरातूनच होत असेल, तर आधी मुलाला विचारा की घरातलं कोण आलेलं चालेल. घरी पाठवणंच असुरक्षित वाटलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

समुपदेशक नाही म्हणून थांबू नका, पण त्याची सोयही टाळू नका. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला हवं.

स्टाफरूममधली चर्चा

चहाच्या टेबलावर ‘त्या अमक्याच्या घरी काय चाललंय, माहीत आहे का?’ एवढं एक वाक्य निघालं, तरी ते मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात पोचतं. त्यानंतर त्या सत्रात कोणी तोंड उघडत नाही. गटाच्या वहीत तारीख, हजेरी आणि विषय एवढंच लिहा. नावांसह नोंद वेगळ्या फाइलमध्ये, मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपाखाली.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

बैठक खेळाच्या तासाला घेऊ नका, मुलं मनातून रागावतात. आठवड्याला ३५ मिनिटं पुरतात. शिक्षकाने खोलीत असावं, पण गोलाच्या बाहेर बसावं आणि शांतता पसरली की लगेच बोलून ती भरून काढू नये. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, फलक आणि भाषणं जरूर होऊ द्या, पण गटाची सगळी शक्ती त्या एका दिवसावर खर्च करू नका. व्हॉट्सअॅप गट तर नकोच. रात्री साडेअकराचा ‘मला जगायचं नाही’ हा निरोप एका नववीतल्या मुलाच्या हातात पडतो आणि त्याच्याजवळ तेव्हा कोणी मोठं नसतं.

ऐकणारी मुलं थकतात

डोकं दुखणं, बैठक चुकवणं, मार्क घसरणं ही त्यांची लक्षणं. प्रत्येक बैठकीनंतर दहा मिनिटं फक्त त्यांच्यासाठी ठेवा आणि ‘या आठवड्यात तुला काय जड गेलं?’ असं प्रत्येकाला विचारा. सत्र संपलं की गट बदला. मध्येच कोणाला सोडायचं असेल, तर कारण विचारू नका.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी पेटी रिकामी करून भिंतीवरून काढून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी कोणी टाकलेली चिठ्ठी शाळा उघडेपर्यंत तशीच पडून राहते. तिच्या जागी १४४१६ आणि १०९८ मोठ्या अक्षरांत लावा. ज्या मुलांकडे लक्ष ठेवायचं आहे, त्यांना सुट्टीत कोणते शिक्षक कोणत्या तारखेला फोन करतील, हे शाळा सुटण्याआधीच त्यांना सांगा.